पेनड्राइव्हमधलं डाळिंब

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. बारामतीच्या भिगवण रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर दोन डाळिंबं येऊन बसली. आणणारे गृहस्थ निमगाव केतकीच्या बाजूचे बागायतदार, साठीला टेकलेले. सोबत बायको आणि बारामतीत इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी. विक्रेत्या पोराला वाटलं, काकांनी फराळाच्या आधीच भेट आणली. त्यानं हसत हात पुढे केला, तर काकांनी फळ मागं ओढलं.

"खायला न्हाई आणलं. टीव्हीच्या शेजारी धरायचंय."

मुलीनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात चारच गोष्टी होत्या. सकाळी बागेत फोनवर काढलेला ह्याच दोन डाळिंबांचा व्हिडिओ, आषाढात बेलवाडीला पाहिलेलं घोड्याचं रिंगण, जानेवारीत भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर होडीतून टिपलेले रोहित पक्षी, आणि आजीचं मिनिटभराचं बोलणं. टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाकडे याहून चांगलं हत्यार क्वचितच असतं. कारण दुकानाच्या भिंतीवर ओळीनं लावलेल्या चौदा-पंधरा पडद्यांवर जे चाललेलं असतं, ते खरं कसं दिसतं हे कुणालाच माहीत नसतं. निळ्या-पिवळ्या पोपटांची पिसं, मधाची धार, काळ्या पार्श्वभूमीवर उधळलेले रंग, परदेशातल्या शहराचा रात्रीचा झगमगाट. मधाची ती धार प्रत्यक्षात कुठल्या रंगाची होती, हे कोण सांगणार? शिवाय डेमोच्या व्हिडिओत माणसाचा चेहरा फारसा नसतो आणि वेगानं धावणारंही काही नसतं. टीव्ही नेमका तिथंच पकडला जातो.

पहिल्या पडद्यावर डाळिंब आलं. काकांनी हातातलं फळ त्याच्या शेजारी धरलं, मान तिरकी केली. 'भगवा' वाणाचं डाळिंब. वीस-पंचवीस वर्षं रंग, चकाकी आणि डाग बघून प्रतवारी केलेला तो डोळा. मजुरानं क्रेटमध्ये चुकीच्या थरात टाकलेलं फळ चार हातांवरून ओळखणारा.

"हे डाळिंब हाय का टमाटा?"

पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, हा व्हिव्हिड मोड आहे. दुकानात असाच ठेवतात." हे खरंच आहे. टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की 'दुकान' की 'घर' असं विचारतो. दुकान म्हटलं की मागचा दिवा पूर्ण ताकदीनं पेटतो आणि रंग ताणले जातात. ट्यूबलाइटच्या भडक उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसायचं, एवढंच त्याचं काम. त्यामुळे खरेदीचं पहिलं पाऊल एकच: रिमोट मागून घ्यायचा आणि पिक्चर मोड बदलायला लावायचा. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' असं काहीतरी नाव असतं. यांतला फिल्ममेकर मोड 2019 मध्ये जाहीर झाला. चित्र सुधारण्याच्या नावाखाली टीव्ही जी कारागिरी करतो, ती एका फटक्यात बंद करायची, ही त्यामागची कल्पना.

मोड बदलला आणि काकू म्हणाल्या, "अगं बाई, ह्याला कावीळ झाली का?"

बहुतेक घरांत व्यवहार इथंच फिसकटतो आणि टीव्ही पुन्हा व्हिव्हिडवर जातो, तो कायमचा. पण पिवळा दिसतो तो टीव्ही खोटा असेलच असं नाही. चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्यावर बेतलेल्या असतात, त्याला 6500 केल्विनचा पांढरा म्हणतात. साधारण भरदिवसाच्या उजेडाचा. दुकानातला पांढरा त्याहून बराच निळसर असतो. ही युक्ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. धोतर धुतल्यावर शेवटच्या पाण्यात नीळ कशाला घालायची? पिवळेपणा मारून पांढरं जास्त पांढरं भासावं म्हणून. टीव्ही कंपन्या तेच करतात, फक्त बाटली दाखवत नाहीत.

मग चहा आला. दहा मिनिटं गप्पांत गेली, मोड तसाच राहिला. डोळा उजेडाशी जुळवून घेतो, त्याला वेळ द्यावा लागतो. चहा संपल्यावर मुलीनं मुद्दाम शेजारच्या व्हिव्हिड टीव्हीकडे बोट केलं, तेव्हा काकूच बोलल्या, "आता त्यो नीळ जास्त झाल्यागत दिसतोय." काविळीचं नाव पुन्हा निघालं नाही. काकांनी डाळिंब परत धरलं. यावेळी फळ आणि पडदा पुष्कळसे एका जातीचे वाटले. पुष्कळसे म्हणायचं कारण, फोनचा कॅमेराही स्वतःच्या पदरचं थोडं घालतो आणि दुकानातली ट्यूब म्हणजे बागेतलं ऊन नव्हे. तरी मधाच्या धारेपेक्षा हा पुरावा लाख पटीनं बरा.

शास्त्रीय चाचणी याहून फार वेगळी नसते, हे ऐकून काकांना गंमत वाटली असती. दूरचित्रवाणीच्या चित्राचा दर्जा माणसांकरवी कसा जोखावा, याची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस 1974 पासून आहे; बीटी 500 हे तिचं नाव. निदान पंधरा बघणारे घ्या, आधी त्यांची नजर आणि रंगओळख तपासा, एका बैठकीला अर्ध्या तासाहून जास्त ताणू नका, आणि उत्कृष्टपासून वाईटपर्यंत पाच पायऱ्यांत गुण मागा. यंत्रं कितीही आली तरी शेवटचा शब्द डोळ्याचाच. बागायतदाराचा डोळा रोज तपासला जातो. चुकला तर आडतीवर विक्रीच्या पट्टीत कळतं.

रोहितांचा व्हिडिओ लावला तेव्हा दोन टीव्ही बाद झाले. थंडीत उजनीवर येणारा रोहित गडद गुलाबी नसतो. अंग बरंचसं पांढरट, पंखाला लालसर-गुलाबी झाक, उडाला की काळी किनार. एका पडद्यावर तो बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी झाला. दुसऱ्यावर पक्षी ठीक, पण मागचं पहाटेचं आकाश फाटलं: नारिंगीतून निळ्यात सावकाश विरघळायच्या ऐवजी पट्टे-पट्टे दिसायला लागले, बांधबंदिस्ती केलेल्या रानासारखे. साध्या आठ बिटच्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या 256 छटा असतात, दहा बिटमध्ये 1024. पडद्याला किंवा त्याच्या आतल्या चिपला ते सांभाळता आलं नाही की आकाशात पायऱ्या पडतात.

रिंगणात मात्र सगळ्यांचीच परीक्षा झाली. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. बेलवाडीचं गोल रिंगण ह्या कुटुंबानं दरवर्षी उभ्यानं पाहिलेलं. चित्रात काय काय आहे बघा. हजारो पांढरी धोतरं आणि सदरे, भगव्या पताका, कपाळावरचा काळा बुक्का, उन्हात रापलेले चेहरे आणि त्यातून सुसाट घोडा. खराब टीव्हीवर धोतराच्या चुण्या पुसल्या जातात, नुसता पांढरा ढग उरतो. भगवं लालाकडे झुकतं. चेहरे एकतर पावडर लावल्यासारखे होतात, नाहीतर तांबडे. आणि घोड्याच्या पायांचा चिखल होतो.

घोड्याचे पाय बघून विक्रेत्यानं 'मोशन' चालू करून दाखवलं. पाय स्वच्छ झाले. मग मुलीनं त्याच सेटिंगवर 'सैराट' लावायला सांगितला, आणि करमाळ्याच्या बाजूला चित्रित झालेला तो सिनेमा एकाएकी रात्री साडेआठच्या मालिकेसारखा दिसायला लागला. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींचा असतो. हे सेटिंग दोन चौकटींच्या मध्ये आपल्या मनानं नव्या चौकटी घुसवतं आणि सिनेमाचा पोत जातो. सामना असला तर चालू, सिनेमा असला तर बंद. घरी रोज कोण बदलणार, असं काकांनी विचारलं आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. कमीतकमी ठेवून विसरून जावं, हे बरं.

अंधार तपासायला दुकान ही सगळ्यात वाईट जागा. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं तेव्हा पोरानं त्या ओळीच्या ट्यूब बंद केल्या आणि 'तुंबाड' लावला. ह्या सिनेमाचा काही भाग सासवडच्या जुन्या वाड्यात चित्रित झालेला. पाऊस, कंदील, दिवट्या आणि खोल काळोख. साध्या एलईडी टीव्हीवर तो काळोख राखाडी झाला. साहजिक आहे. ह्या पडद्याची रचना आकाशकंदिलासारखी असते: दिवा मागं, कागद पुढं. कागदाच्या जागी लाखो बारीक झडपा असतात आणि त्या पुरत्या मिटत नाहीत, थोडा उजेड पाझरतोच. ओएलईडीत मागं दिवाच नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पणती. विझवली की अंधार, निव्वळ. मधला मार्ग मिनी एलईडीचा: मागं शेकडो छोटे दिवे आणि ते गटागटानं मंद होतात. त्यात एक खोट राहते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती धुक्याचं कडं दिसतं. नावांची पाटी येईल तिथं थांबून बघावं.

ओएलईडीपुढे तिघंही गप्प झाले. चित्र अप्रतिमच होतं. पण घरात सकाळी सहापासून बातम्यांचं चॅनेल लागतं, खाली तीच लाल पट्टी आणि कोपऱ्यात तोच लोगो, दिवसभर. ओएलईडीवर एकच आकृती वर्षानुवर्षं त्याच जागी राहिली तर तिचा ठसा उमटायचा धोका असतो. मराठी वृत्तवाहिन्या बघता ही भीती पुस्तकी नाही.

एचडीआरचं, म्हणजे झगझगीत उजेड आणि गडद सावली एकाच चित्रात दाखवण्याचं, लेबल मात्र सगळ्याच खोक्यांवर होतं. 'सपोर्ट करतो' म्हणजे तसा सिग्नल घेतो, दाखवू शकतोच असं नाही. पडद्याची प्रखरता निटमध्ये मोजतात. एका चौरस मीटरवर एका मेणबत्तीएवढा उजेड म्हणजे एक निट, असं ढोबळमानानं समजावं. एचडीआरचे सिनेमे बहुधा 1000 निट धरून घडवलेले असतात. स्वस्त टीव्ही 300च्या आसपास दमतो. ट्रॅक्टरला विमानाचं इंधन चालतं म्हणून तो उडत नाही.

त्याच पठडीतला आणखी एक आकडा. 4के पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके. जुन्या साध्या प्रक्षेपणाची चौकट 720 गुणिले 576 ची. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. फ्री डिशवर किंवा गावच्या केबलवर साधं चॅनेल लागलं की विसांतले एकोणीस ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. हा अंदाज चांगला की गचाळ, हे दुकानात कुणी तपासत नाही, कारण तिथं साधं चॅनेल लावतच नाहीत. काकांनी लावायला लावलं. एका नावाजलेल्या महागड्या सेटवर निवेदिकेच्या कानाभोवती मुंग्या लागल्या. मुंग्या हा शब्द जुना. 1973 मध्ये सिंहगडावरून दूरदर्शनचं सहप्रक्षेपण सुरू झालं, त्यानंतर जिल्ह्यात गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या. एक जण वर दांडा फिरवणार, दुसरा खालून ओरडणार, "आलं, आलं... गेलं!" तेव्हाच्या मुंग्या हवेतून यायच्या. आताच्या पडद्याच्या आत तयार होतात.

बातम्या लागल्याच होत्या तर खालची सरकती पट्टी वाचून बघितली. ही फुकटातली उत्तम चाचणी. अक्षरं पळताना शेपट्या फुटतात का, 'ष' आणि 'प' वेगळे कळतात का? क्रिकेट लावून कॅमेरा मैदानावरून फिरताना हिरव्यात उभे मळकट पट्टे दिसतात का, तेही पाहिलं. मग काकू उठल्या आणि चालत चालत बाजूच्या फ्रिजपर्यंत गेल्या. तिथून बघितलं, तर एका टीव्हीचा रंग पार उतरलेला. व्हीए जातीच्या पॅनेलचा काळा गडद असतो, पण बाजूनं बघितलं की तो फिका पडतो. आयपीएसचं उलट: बाजूनं रंग टिकतो, काळा मात्र राखाडी. काकूंचं म्हणणं सरळ होतं. आजीची खाट खिडकीखाली, पोरं खाली चटईवर, सामन्याच्या दिवशी शेजारची चार माणसं दारात. समोरच्या सोफ्यावर बसून बघणारा घरात एकच.

पोरगा 65 इंचीकडे वळवायला लागला तेव्हा मुलीनं हिशेब मांडला. 55 इंची पडदा 68 सेंटिमीटर उंच. 4केचा बारकावा पुरा दिसायचा तर त्या उंचीच्या दीडपट, म्हणजे जेमतेम साडेतीन फुटांवर बसावं लागतं. दहा फुटांवरून साध्या नजरेला फुल एचडीचेही ठिपके सुटे दिसत नाहीत. ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजायचे नाहीत, असं ठरलं. सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यातून वाचलेले पैसे आवाजासाठी ठेवायचे असा मुलीचा बेत होता.

आवाज! ह्या विषयावर दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं. पडदा पातळ होत गेला तसा स्पीकर आक्रसला आणि तोंड खाली किंवा मागं करून बसला. लेबलवर 20 वॉट असतात, पण खर्ज निघायला हवा ढकलावी लागते आणि बोटभर जागेत ती ढकलणार कशी? रिंगणाच्या व्हिडिओत टाळ खणखणीत वाजले. मृदंगाची शाई लावलेली पुडी 'ता' म्हणाली तेही आलं. पण डाव्या, कणीक लावलेल्या बाजूचा 'धुम' आलाच नाही. त्या जागी खोक्यावर थाप मारल्यासारखं काहीतरी. काकू पंचवीस वर्षं वारीत टाळकऱ्यांमागून चाललेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "डगा कुठं गेला?" 'सैराट'च्या संगीताचंही तेच झालं. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ते ध्वनिमुद्रित केलं होतं. व्हायोलिनं आली, खालचा भार हरवला.

दोन टीव्हींचा आवाज ताडताना एक फसगत होते. जो जरा मोठा, तो चांगला वाटतो. आवाज लहान असला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं. म्हणून आधी दोन्ही सारखे करायचे, मग डोळे मिटायचे. मिटलेल्या डोळ्यांनी तिघांनी आजीचं बोलणं ऐकलं. ओळखीचा आवाज म्हणजे आवाजातलं डाळिंबच. एका सेटवर आजी पिंपात बसल्यासारखी, दुसऱ्यावर 'स'ला शिट्टी. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. 'स', 'श', 'त' निसटतात. म्हणून आजी सारखी "वाढव" म्हणते आणि वाढवला तरी तिला कळत नाही, शेजाऱ्यांना कळतं. तिला आवाज मोठा नको असतो, स्पष्ट हवा असतो. बऱ्याच टीव्हींत संवाद उठून दिसण्याचं सेटिंग असतं, ते लावून पाहावं.

टीव्हीचा स्पीकर पुरत नाही म्हणून पोरानं साउंडबार ब्लूटूथनं जोडून दाखवला, तेव्हा टाळ आधी मिटले, मग वाजले. युरोपातल्या प्रसारकांच्या संघाची मर्यादा अशी आहे: आवाज चित्राच्या फार तर 40 मिलिसेकंद पुढे, फार तर 60 मागे. मागं थोडं जास्त चालतं, कारण निसर्गातही तसंच घडतं. नीरा डाव्या कालव्याच्या पलीकडच्या काठावर कुणी कपडे धूत असेल तर धोपाटणं आदळलेलं आधी दिसतं, आवाज मागून येतो. आवाज आधी आलेला मात्र कुणी कधी अनुभवलेला नसतो. केबलनं, एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या खाचेत जोडल्यावर टाळ जागेवर आले. ती खाच बहुधा एकच असते. घेण्याआधी मागं हात घालून शोधावी.

शेवटी घेतला तो 55 इंची, आयपीएस पॅनेलचा, मधल्या किमतीचा. 'तुंबाड' त्यावर राखाडी दिसतो हे मान्य करून. काकांचा निकाल असा: "अंधार करून टीव्ही बघायला आमच्यात कोण बसतंय?"

घरी आल्यावर वेगळाच पेच निघाला. हॉल सोळा फुटी, खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या. मुलीनं टाळी वाजवली तर ती दोनदा ऐकू आली. बसवायला आलेल्या माणसानं सवयीनं सहा फुटांवर खुणा केल्या होत्या. पोरांचे हात पोचू नयेत म्हणून सगळे तिथंच सांगतात. खाली बसणाऱ्याची मान अवघडते आणि खालून बघताना रंगही बदलतो. खुणा दोन फूट खाली आणल्या. समोरच्या खिडकीला जाड पडदा आला, सोफ्यामागच्या भिंतीवर आजीची जुनी गोधडी टांगली गेली, फरशीवर सतरंजी. टाळी एकदाच वाजायला लागली. खर्च पडद्याच्या कापडाचा. खोक्यातून काढल्या दिवशीच पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि पूर्ण हिरवा पडदा लावून मेलेला ठिपका कुठं नाही ना, ते पाहून घेतलं. आणि एक नियम भिंतीवर लिहिला: वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग आणि डिशच्या छत्रीची केबल दोन्ही काढायच्या. वीज तारेतून येते तशी छत्रीतूनही येते.

मोड सिनेमावर आहे. धाकटा पुतण्या अधूनमधून व्हिव्हिड करतो आणि काका काही न बोलता परत फिरवतात. डाळिंब पास झालं, रोहित पास झाले, आजीला आता बातम्या कळतात. डगा अजून ऐकू येत नाही. साउंडबार मृग बहाराची पट्टी आल्यावर.